हप्ता सगळेच विचारतात

आरोग्यविम्याचा ब्रोकर काय करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो चार कंपन्यांचे कोट आणतो, त्यांचा तक्ता करतो आणि तुम्ही बोट ठेवाल तिथे सही घेतो. पुण्यातल्या एका लहानशा ब्रोकिंग ऑफिसात बसून मी जे पाहत आलो, ते बरंचसं या तक्त्यात न मावणारं आहे.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याची गोष्ट. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयसीत होते. त्यावरचे सुपरवायझर आणि ऑफिसातली मंडळी यांच्यासाठी मालकांना ग्रुप मेडिक्लेम हवी होती. आमच्याबरोबर दुसराही ब्रोकर रिंगणात होता. अशा वेळी खरी चढाओढ मँडेट लेटरसाठी चालते, कारण मालकांच्या लेटरहेडवरचं ते पत्र ज्याच्या हातात, त्याच्याशीच कंपनी बोलते. मालकांनी दोघांनाही दुखावलं नाही, कंपन्या निम्म्या निम्म्या वाटून दिल्या. समोरच्याचा कोट आमच्यापेक्षा बराच कमी आला आणि मालकांनी फोनवर त्याला होकारही देऊन टाकला. संध्याकाळी त्यांच्या अकाउंटंटने सगळी पानं उलटली. जुने आजार पहिल्या दिवसापासून, बाळंतपणाला नऊ महिन्यांची अट नाही, बाळ जन्मल्या दिवसापासून कव्हर: ज्या सवलतींसाठी ग्रुप पॉलिसी घ्यायची, त्याच तिथे गाळलेल्या होत्या. दर उतरला होता तो त्यामुळे. दुसऱ्या दिवशी काम आमच्याकडे आलं. चार महिन्यांनी कारखान्यात पेढे वाटले गेले, ते त्याच अकाउंटंटच्या हातून.

एका गृहस्थांनी पॉलिसीबद्दल काहीही विचारण्याआधी आम्हाला विचारलं, "यात तुम्हाला किती सुटतात?" प्रश्न रास्त होता. एजंट कंपनीचा माणूस असतो आणि ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा, तरी दोघांचंही कमिशन कंपनीच देते. मार्च 2023 पर्यंत वैयक्तिक पॉलिसीवर ते जास्तीत जास्त 15 टक्के होतं, कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीवर साडेसात. त्यानंतर ही ठरीव मर्यादा गेली. आम्ही आकडा सांगितला. "मग निम्मं मला द्या, तो दुसरा देतोय," असं ते म्हणाले. विमा कायद्याच्या 41व्या कलमाने कमिशनचा वाटा ग्राहकाला देण्याला बंदी आहे, म्हणून आम्ही नाही म्हटलं आणि गिऱ्हाईक गेलं असं धरून चाललो. त्यांनी मात्र तिथेच फॉर्म मागितला. पुढे कळलं की ते विमा कंपनीतूनच निवृत्त झाले होते. ज्याने वाटा कबूल केला होता, त्याच्याकडे त्यांनी पुन्हा फोनही केला नाही.

प्रपोजल फॉर्मवरचे आजारांचे रकाने बहुतेक जण एका दमात "नाही" म्हणत भरतात. सातारा रोडवरच्या एका काकांचंही तसंच चाललं होतं. आमचा माणूस चहा घेत असताना त्याची नजर फ्रिजवरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेली. "ही कोणाची?" काका काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "यांचीच, बीपीची. दोन वर्षं झाली." काका चिडले. हप्ता वाढला आणि बीपी व त्यातून उद्भवणाऱ्या आजारांना तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लागला. (एप्रिल 2024 पासून जुन्या आजारांसाठी तीन वर्षं हीच कमाल मर्यादा आहे; पूर्वी ती चार होती.) चौथ्या वर्षी काकांची अँजिओप्लास्टी झाली. केसपेपरवर रात्रपाळीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पाच वर्षांपासून बीपी.' कंपनीने लगेच विचारणा केली. आम्ही काकांचाच फॉर्म पुढे केला, तारखा जुळल्या आणि क्लेम मंजूर झाला. डॉक्टरांना ती पाच वर्षं सांगणाऱ्याही काकूच होत्या. फॉर्मवर "नाही" राहिलं असतं, तर त्यांच्या खऱ्या बोलण्यानेच क्लेम अडकला असता.

रूम रेंटची अट तर कोट पाहताना कोणी वाचतच नाही. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे तीन हजार रुपये. एका कुटुंबाने हप्ता कमी म्हणून हीच पॉलिसी निवडली होती. वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यांनी सहा हजारांची खोली घेतली. मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली की नुसतं खोलीचं भाडं कापलं जात नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही निम्मेच पैसे मिळतात. औषधं आणि इम्प्लांट नियमाने त्यातून वगळलेले, म्हणून बरंच निभावलं, तरी घरच्यांना मोठी रक्कम खिशातून घालावी लागली. दोन खाटांची, मर्यादेत बसणारी खोली त्या रात्री रिकामी होती. भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी, म्हणून तिला नकार दिला होता. आणि हॉस्पिटल पासावर एका वेळी एकालाच आत सोडत होतं.

मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे रिन्यूअलची धांदल. विमा कायद्याचं 64 व्हीबी हे कलम ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ असतं: पैसे आधी जमा, मगच जोखीम सुरू. एका छोट्या कंपनीची पॉलिसी मध्यरात्री संपत होती आणि मालक शिमग्याला गावी, रत्नागिरीकडे गेलेले. "चार दिवसांनी भरतो, काय फरक पडतो?" त्यांचं हे म्हणणं आम्ही मान्य केलं नाही. गावात रेंज नव्हती आणि बँकेचा ओटीपी येईना. शेवटी आमच्या आग्रहाखातर ते टेकडीवरच्या देवळापाशी चढले. तिथे मेसेज आला, रात्री अकराच्या सुमारास पैसे गेले आणि पॉलिसी खंड न पडता पुढे चालू राहिली. दुसऱ्या दिवशी पालखी नाचवताना पाय मोडून घेतला तो खुद्द मालकांनी. नव्या पॉलिसीतला पहिला क्लेम त्यांचाच झाला.

क्लेम नाकारला गेला, की बहुतेक लोक नशिबाला बोल लावून गप्प बसतात. आमच्या एका ग्राहक बाईंना आम्ही बसू दिलं नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज, दाद न मिळाल्यावर विमा लोकपाल. पुण्यात ते कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही. आम्ही कागद लावून दिले, पण बाजू बाईंनी स्वतःच मांडली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. पेढे घेऊन आल्या, तेव्हा त्या एक गोष्ट शिकूनही आल्या होत्या. "2021पासून ब्रोकरविरुद्धही तिथे तक्रार करता येते म्हणे?" आम्ही हो म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षीही पॉलिसी तुमच्याकडूनच. मात्र हप्ता शेवटी सांगा, आधी मला अटी वाचून दाखवा." प्रत्येक ग्राहकाने आपल्या ब्रोकरकडून एवढं तरी वसूल करावंच.