नववी सोयरीक

कुलवृक्ष ही आपल्या लोकांच्या हौसेची वस्तू आहे. उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या भागांतल्या काही जुन्या घरांत असे वृक्ष मी पाहिले आहेत. तळाशी मूळपुरुष, वर पुत्र, पौत्र, प्रपौत्र; फांदी फांदीला कोठे छेदत नाही. पाहणाऱ्यास वाटावे, घराणे असेच सरळ वाढत आले!

वाढत्या वृक्षांचा विचार गणितज्ञांनीही केला आहे. त्यांचा सर्वांत साधा वृक्ष असा: प्रत्येक नवागताने आधीच्यांपैकी कोणाच्या पदरी जायचे, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. खऱ्या घराण्यात असे घडत नाही, हे उघड आहे. पण नमुना म्हणून तो मोठा बोधप्रद आहे. असा वृक्ष केवढाही वाढला, तरी सरासरीने निम्मी नावे टोकाशीच राहतात. त्यांच्या पुढे कोणी नसते. हजारावा माणूस मूळपुरुषापासून सरासरी साडेसात पिढ्यांवरच येतो. दोन भावांपासून आरंभ केला, तर कोणाचा वंश अधिक विस्तारणार, हे पहिल्या काही चिठ्ठ्यांवर पुष्कळसे अवलंबून असते. तेव्हा थोरल्या पातीने फार मिरवू नये आणि टोकाशी थांबलेल्या नावाला कोणी ‘निर्वंश’ म्हणून हिणवू नये.

पण ज्यांना टोकाचीही जागा मिळाली नाही, त्यांचे काय? या वृक्षांत लेकी नाहीत!

वाचकांनी एक कागद घ्यावा. एका बाजूस पेडण्याची तीन घरे मांडावीत, दुसऱ्या बाजूस डिचोलीची तीन. इकडच्या प्रत्येक घराची तिकडच्या प्रत्येक घराशी एकेक सोयरीक जोडावी. रेघा नऊ होतात. त्यांतल्या आठ, थोडी वाकडी वाट करून, एकमेकींस न छेदता काढता येतात. नववी मात्र कोणत्या तरी रेघेला छेदल्यावाचून निघत नाही. 1930 साली पोलंडच्या कुराटोव्स्कींनी सिद्ध केले की, सपाट कागदावर बिनछेद न मावणाऱ्या प्रत्येक जाळ्यात हा गुंता तरी असतो, नाहीतर पाच बिंदू परस्परांशी जोडल्याने होणारा गुंता तरी. निव्वळ वृक्ष मात्र कितीही वाढला तरी बिनछेद काढता येतो.

म्हणजे कुलवृक्षाचा नीटनेटकेपणा हा घराण्याचा गुण नव्हे; लेकी वगळून तो मिळवलेला आहे. गोव्यात तर हे अधिकच खटकते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे 1870 पासून लागू झाली आणि वारसांत लेकीची गणना करण्याची रीत तेथे रुजली. 2012 च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही तिला मुलाबरोबरीचा वाटा दिला आहे. जमिनीच्या कागदावर जिचे नाव लागते, ती घरच्या कागदावर का नसावी? तेरेखोल ओलांडून सावंतवाडीकडे दिलेल्या आणि तिकडून आणलेल्या मुलींनीच तर दोन्ही तीरांची नाती धरून ठेवली!

ज्यांना कुलवृक्ष नव्याने काढायचा असेल, त्यांनी कागद मोठा घ्यावा. लेकींची नावे लिहावीत, त्यांच्या सासरची गावे लिहावीत. रेघा छेदतील, खुशाल छेदू द्याव्यात.