पोथीची नोंद आणि प्रोफाइल : गैरसमज व वस्तुस्थिती

परंडा तालुक्यातील डोमगाव येथे समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ असून, त्यांच्याच हस्ताक्षरातील म्हणून परंपरेने मानलेली दासबोधाची प्रत या मठात सांभाळली गेली; आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली जो दासबोध छापून प्रसिद्ध केला, त्याला आधार होता तो याच डोमगाव प्रतीचा. अशा पोथीची नोंद संगणकीय तालिकेत करावयाची झाल्यास कोणते रकाने ठेवावेत, ते कोणत्या मानकातून घ्यावेत, कोणता अनिवार्य आणि कोणता ऐच्छिक, एक रकाना किती वेळा भरता यावा आणि त्यात मजकूर कोणत्या रूपात लिहावा, हे सारे निर्णय तालिकाकाराच्या मनात न ठेवता ज्या मसुद्यात लेखी मुक्रर केले जातात, त्यास मेटाडेटा अ‍ॅप्लिकेशन प्रोफाइल म्हणतात. नाव अवजड असल्यामुळे त्याभोवती गैरसमजही पुष्कळ जमले आहेत.

गैरसमज १ : प्रोफाइल म्हणजे आणखी एक नवे मानक.

वस्तुस्थिती : रेचेल हीरी आणि मंजुळा पटेल यांनी २००० साली ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा भर नवनिर्मितीवर नसून निवडीवर होता, अस्तित्वात असलेल्या मानकांतून आपल्या प्रयोजनास उपयुक्त तेवढे घटक घ्यावेत आणि त्यांच्या वापराचे नियम ठरवावेत, एवढाच त्यांचा आशय. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ साली भरलेल्या बैठकीतून जन्मलेल्या ‘डब्लिन कोअर’ या मेटाडेटा मानकाच्या मूळ पंधरा घटकांत कर्ता आहे, सहयोगी आहे, परंतु पोथी उतरवून काढणाऱ्या लेखनिकासाठी स्वतंत्र घटक नाही. म्हणून कल्याणस्वामींना कर्त्याच्या रकान्यात बसविले, तर दासबोधाचे कर्तृत्वच संदिग्ध होईल. ‘मार्क’ या जुन्या ग्रंथालयीन मानकाच्या भूमिकासूचीत मात्र लेखनिक ही भूमिका नमूद आहे. तेव्हा शीर्षक व कर्ता डब्लिन कोअरमधून आणि लेखनिक मार्कच्या सूचीतून घ्यावा, हे ज्या कागदावर नोंदले गेले तीच प्रोफाइल होय. एखादा घटक कोठेच सापडला नाही, तर त्याची व्याख्या स्वतंत्रपणे जाहीर करावी लागते. दुसऱ्याच अर्थाच्या रकान्यात तो दडपून चालत नाही.

गैरसमज २ : सॉफ्टवेअरमधला फॉर्म हीच प्रोफाइल.

वस्तुस्थिती : ‘कोहा’ या ग्रंथालयीन सॉफ्टवेअरमध्ये ग्रंथप्रकारानुसार रकान्यांची चौकट सिद्ध करता येते हे खरे, पण ती चौकट म्हणजे निर्णयाची अंमलबजावणी होय, निर्णय नव्हे. उद्या ग्रंथालयाने कोहा सोडून ‘ई-ग्रंथालय’ हे दुसरे सॉफ्टवेअर स्वीकारले, तर जुना फॉर्म मागे राहील; परंतु तो तसा का केला होता याचा लेखी खुलासा दप्तरी असेल, तर नवी चौकट त्याबरहुकूम उभारता येते.

गैरसमज ३ : जितके रकाने अनिवार्य, तितकी नोंद दर्जेदार.

वस्तुस्थिती : डब्लिन कोअरच्या पंधरा घटकांपैकी एकही मुळात अनिवार्य नाही. सक्ती वाढली की, माहितीच्या अभावी, अनुमानच वस्तुस्थितीच्या वेशात रकान्यात शिरते. दासबोधाच्या सहाव्या दशकातील चौथ्या समासात कलियुगाच्या ४७६० व्या वर्षाचा निर्देश आहे. हिशोबाने ते शके १५८१, म्हणजे इ.स. १६५९ होते. हा काळ त्या रचनेचा. हाती असलेली प्रत केव्हा उतरवली, याचा दाखला त्यातून मिळत नाही. ‘वर्ष’ नावाचा एकच अनिवार्य रकाना ठेवल्यास तालिकाकार निरुपायाने १६५९ लिहून मोकळा होईल, आणि पुढील अभ्यासक त्यालाच प्रतीचे वय समजतील. यास्तव रचनाकाल आणि प्रतीचा लेखनकाल हे दोन निरनिराळे रकाने असावेत, व दुसरा ऐच्छिक असावा.

गैरसमज ४ : स्थानिक नियम केले की इतर ग्रंथालयांशी मेळ तुटतो.

वस्तुस्थिती : मेळ तुटतो तो अलिखित नियमांमुळे. परंडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे या भागातील जुन्या कागदपत्रांत उर्दू आणि फारसी येतात, तसाच मोडी लिपीतील मराठी मजकूरही येतो. आणि भाषेच्या रकान्यात कोणी ‘मोडी’ लिहिले, तर तो कागद मराठीच्या शोधात कधीच सापडत नाही. भाषा व लिपी वेगळ्या ठेवून दोहोंसाठी आंतरराष्ट्रीय संकेतसूचीच वापरावी, शकवर्ष पोथीत आहे तसे नोंदवून शेजारी इसवी सन द्यावा, आणि रामदास, समर्थ व नारायण सूर्याजीपंत ठोसर ही एकाच व्यक्तीची नावे एका अधिकृत रूपाखाली आणावीत, असे प्रोफाइलमध्ये लिहून ठेवले की स्थानिक वैशिष्ट्य आणि देवाणघेवाण दोन्ही साधतात. ‘आरडीए’ या तालिकीकरणसंहितेची २०२० च्या डिसेंबरात अधिकृत झालेली नवी आवृत्ती तर अनेक बाबतींत पर्याय खुले ठेवते, आणि त्यांतून निवड करण्याचे काम संस्थेच्या प्रोफाइलवर सोपविते.

गैरसमज ५ : हे मोठ्या ग्रंथालयांचे व संगणकतज्ज्ञांचे काम.

वस्तुस्थिती : डब्लिन कोअरच्या कार्यकर्त्यांनी प्रोफाइलसाठी जो तक्त्याचा नमुना सिद्ध केला आहे, त्यात अवघे बारा स्तंभ आहेत, आणि त्यांपैकी घटकाची ओळख सांगणारा एक स्तंभ भरला तरी आरंभ होतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ‘ड’ वर्गातील लहान ग्रंथालयासही हा तक्ता साध्या स्प्रेडशीटमध्ये करता येईल. कपाटातील निरनिराळ्या प्रकारचे दहा ग्रंथ काढावेत, दोघांनी स्वतंत्रपणे त्यांच्या नोंदी कराव्यात, आणि जेथे दोघांचे मत भिन्न पडेल तेथे कोणता नियम पाळावयाचा हे तक्त्याच्या टिपेच्या स्तंभात लिहावे. त्या ग्रंथालयाची पहिली प्रोफाइल त्यातूनच तयार होते.