लेकुरवाळीचा घराबाहेरचा दिवस आणि वैद्याचा सल्ला

उन्हाळ्याची सुट्टी, श्रावणातील सणवार आणि दिवाळी जवळ आली की आपल्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो. कडेवर तान्हे आणि बोटाशी तीन-चार वर्षांचे मूल घेऊन आलेली माता औषधाच्या पुड्या पिशवीत टाकते आणि उठता उठता विचारते, "डॉक्टर, मुलांना घेऊन गावी गेले तर चालेल ना?" कधी गाव असते, कधी जत्रा, कधी नात्यातील लग्न, तर कधी केवळ संध्याकाळची बाग. बाहेर रुग्णांची रांग असते आणि आपण घाईने उत्तर देतो. "सध्या नको", "वारा लागू देऊ नका", "बाहेरचे काही देऊ नका", एवढ्यावर विषय संपतो.

या नकारांच्या यादीतून दोन अनर्थ संभवतात. काही माता सल्ला तंतोतंत पाळून महिनोन्महिने घराच्या चार भिंतींत राहतात. उरलेल्या जातातच, कारण लग्नकार्य टळत नाही. मात्र पुढचे काही विचारत नाहीत आणि शेजारणीच्या सांगण्यावरून प्रवासाची औषधे स्वतःच ठरवतात. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. म्हणून "जावे की न जावे" यापेक्षा "कसे जावे" हे सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह करावयाचा आहे.

संहितांची दृष्टी

बालकास घरात कोंडून ठेवावे असे आपल्या शास्त्राचे सांगणे नाही. काश्यपसंहितेत चौथ्या महिन्यात निष्क्रमणाचा विधी आला आहे, म्हणजे बाहेर नेण्याचा काळ आचार्यांनी स्वतःच नेमून दिला आहे. आजच्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकातील ६, १० आणि १४ आठवड्यांच्या मात्रा याच सुमारास पूर्ण होतात. गर्दीच्या ठिकाणी नेण्यापूर्वी त्या झाल्या आहेत ना, एवढे विचारून घेतले की प्राचीन मर्यादा आणि आजची सावधगिरी यांचा मेळ बसतो.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खेळणी कशी असावीत हे सांगितले आहे. ती विविध, नाद करणारी, सुंदर व हलकी असावीत. टोकदार, तोंडात शिरणारी किंवा भय उत्पन्न करणारी नसावीत. मूल रडते किंवा जेवत नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असेही तेथेच आहे. जत्रेतील फुगा, शिट्टी आणि सुट्या भागांची स्वस्त खेळणी पाहताना हा उपदेश आजचा वाटतो. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासमार्गात अडकू शकतो, हे मातेला स्पष्ट सांगावे. सुश्रुताचार्यांनी बालकास सुखाने उचलावे, झोपेतून एकाएकी जागे करू नये, दचकवू नये असे बजावले आहे. गाडी स्थानकात शिरताच गाढ झोपलेल्या मुलाला खसकन उचलणाऱ्या मंडळींना हे एकदा तरी सांगावयास हवे.

वयानुसार डबा

क्षीराद, क्षीरान्नाद आणि अन्नाद हे तीन भेद आपणा सर्वांस परिचित आहेत. बाहेरच्या दिवसाचा आहार याच क्रमाने सांगितल्यास मातेच्या लक्षात राहतो.

पहिल्या सहा महिन्यांत केवळ स्तन्य पुरेसे आहे. या वयात कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. अधिक वेळा पाजले म्हणजे झाले. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व हे घरी उत्तम, परंतु सकाळी शिजवून बंद डब्यात ठेवलेली खिचडी दुपारी बसमध्ये देऊ नये. त्याऐवजी जागेवर सोलून कुस्करलेले केळे बरे. दूध बाटलीत भरून नेऊ नये. बाटलीचे बूच प्रवासात स्वच्छ राहत नाही. स्वच्छ वाटी आणि चमचा पुरेसा आहे.

अन्नाद मुलाबाबत प्रश्न पथ्याइतकाच गिळण्याचाही असतो. चार वर्षांखालील मुलास चालत्या वाहनात शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत. हसताना अथवा धक्का बसताना दाणा श्वासमार्गात जातो. उसाच्या रसातील व गोळ्यातील बर्फ कोणत्या पाण्याचा हे कोणासच ठाऊक नसते, म्हणून तो टाळावा. सालासकट घेतलेले आणि समोर सोललेले फळ द्यावे. पर्याय दिला की निषेध पाळला जातो, असा आमचा अनुभव आहे.

घाटातील वमन आणि दुचाकीवरील मूल

कोकणात उतरणाऱ्या कुटुंबांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे "गाडी लागणे". दोन वर्षांखाली हा त्रास क्वचित होतो. दोन ते बारा या वयात तो अधिक दिसतो. डोळ्यांना स्थिर दिसणारे वाहन आणि कानातील तोलयंत्रास जाणवणारी गती यांच्यातील विसंवाद हे त्याचे कारण. म्हणून मुलाला पुढील बाजूस बसवावे, दूरच्या डोंगराकडे पाहण्यास सांगावे, मोबाइल वा चित्रांचे पुस्तक हाती देऊ नये. पूर्ण उपाशी किंवा तुडुंब जेवून निघू नये. साळीच्या लाह्या किंवा थोडा मऊ भात पुरेसा होतो. तीन वर्षांवरील मुलास मोरावळ्याची लहान फोड किंवा आवळकाठीचा बारीक तुकडा आपल्या देखरेखीत चघळण्यास द्यावा. वमन झालेच तर थोडा वेळ थांबून लाजमंड चमच्याचमच्याने द्यावा.

रोजची बालवाडी आणि बाजारहाट मात्र दुचाकीवर होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा व मुलाच्या मापाचे शिरस्त्राण आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा. पुढे उभे केलेले मूल ही आपल्या दारासमोर रोज दिसणारी गोष्ट आहे. तिच्याविषयी वैद्याने बोलणे अप्रस्तुत नाही. तसेच उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मुलास पाच मिनिटेही एकटे ठेवू नये.

झोपेसाठी जायफळ, सर्दीसाठी कापूर, अनुपान म्हणून मध

हा भाग औषधालयचालक बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण या वस्तू चिठ्ठीवाचून विकल्या जातात.

रात्रीच्या प्रवासात मूल रडू नये म्हणून गुटीतील जायफळाचे वेढे वाढवण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. जातीफल अल्प मात्रेत दीपन व ग्राही आहे. अतिमात्रेत गुंगी, अस्वस्थता, तोंडास कोरड आणि हृदयगती वाढणे असे परिणाम दिसतात. त्यातच गुंगीतील तान्हे अंगावर पीत नाही आणि त्याची तहान कोणाच्या ध्यानात येत नाही. "प्रवासात गुटीतील जायफळ वाढवायचे नाही" हे वाक्य न विसरता सांगावे. सहाण व पाणी स्वच्छ मिळणार नसेल तर त्या दिवशी गुटी वगळण्याने काही बिघडत नाही.

ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा मुठीत देण्याची रीतही धोक्याची आहे. कापूर थोडा पोटात गेला तरी बालकांत आक्षेप येऊ शकतात. कापूर न घालता केवळ भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, तीही मोठ्यांच्या हाती ठेवून, अधिक सुरक्षित.

मधाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण लेहनाचे अनेक योग मधासह सांगितलेले आहेत. तथापि मधात क्वचित आढळणारे बोटुलिझमच्या जीवाणूंचे बीजाणू एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात वाढून विष निर्माण करतात, हे आता निश्चित झाले आहे. मलावष्टंभ, ओढून पिण्याची शक्ती कमी होणे, रडणे क्षीण होणे आणि अंग लुळे पडणे ही त्याची लक्षणे. म्हणून बालचतुर्भद्रासारखे चूर्णही वर्षाखालील बालकास वैद्याने मात्रा ठरवून स्तन्य किंवा उकळून गार केलेल्या पाण्यातून द्यावे. अनुपान बदलण्याचे स्वातंत्र्य शास्त्राने वैद्यास दिलेलेच आहे.

"दृष्ट लागली"

बाहेरून आल्यावर मूल किरकिरते, पीत नाही, झोपत नाही. घरातील आजी मीठ-मोहरी ओवाळतात. त्यावर वाद घालून काही साधत नाही. ओवाळून झाल्यावर काय पाहावे एवढे मातेस शिकवावे. पाजण्याची वेळ चुकली का? लंगोट ओला आहे का? अंग तापले आहे का? शेवटची लघवी केव्हा झाली? मूल सारखा कानाला हात लावते का? नव्या कपड्याची जर टोचते का? बहुतेक वेळा अनेक हातांत फिरणे, गोंगाट आणि चुकलेली झोप हेच कारण निघते. अशा वेळी दिवा मंद करून, आईच्या कुशीत निवांत पाजल्याने जे साधते ते औषधाने साधत नाही.

अतिसार झाल्यास

प्रवासात अतिसार झाल्यास पहिले भय जलक्षयाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सुधारित सूत्राचे ओआरएस बाळगण्यास सांगावे. एक लिटरची पुडी संपूर्णपणे एक लिटर शुद्ध पाण्यातच विरघळवावी. चिमूटचिमूट पेल्यात टाकल्याने क्षारांचे प्रमाण बिघडते. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मि.ली. व त्यावरील मुलास १०० ते २०० मि.ली. घोट घोट द्यावे; अंगावर पाजणे चालूच ठेवावे. गोड पेयांच्या खोक्यांना ओआरएस समजू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे, हे औषधालयांनी ध्यानी ठेवावे.

डोळे खोल जाणे, सहा तास लघवी न होणे, सुस्ती, सर्व काही उलटून पडणे, मलातून रक्त, जलद श्वास, आक्षेप अथवा दोन महिन्यांखालील बालकास ज्वर यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी आपल्याला फोन करीत न बसता जवळच्या रुग्णालयात जावे, असे मातेला निघण्यापूर्वीच सांगावे. योग्य वेळी पाठवणे हेही चिकित्सेचेच अंग आहे.

मातेची नाडी

आतापर्यंत बालकाचे झाले. सहलीच्या दिवशी सर्वांआधी उठणारी, डबे भरणारी आणि सर्वांनंतर जेवणारी व्यक्ती मात्र आपल्या केसपेपरवर कोठेच नसते. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही, मूत्रवेग धारण करते आणि वर बाळाला पाजते. वेगधारणाचे परिणाम चरकांनी सूत्रस्थानात सविस्तर सांगितले आहेत. आठवड्याने ती मूत्रकृच्छ्राची तक्रार घेऊन येते तेव्हा आपण औषध देतो, पण हेतू विचारत नाही.

क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी स्तन्यनाश होतो, असे सुश्रुताचार्यांचे मत आहे. याचा अर्थ मातेस दोष देणे असा लावू नये. तिचे मन प्रसन्न राहील अशी व्यवस्था करणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे, असा आम्ही तो घेतो. म्हणून सल्ला तिच्या एकटीला देऊ नये. सोबत आलेल्या पतीस किंवा सासूबाईंस समोर बसवून सांगावे की, वाटेत तिने पोटभर पाणी प्यावे, एस.टी. स्थानकावर हिरकणी कक्ष असल्यास तेथे निवांत पाजावे, आणि मुक्कामी पोहोचल्यावर मोठे मूल तासभर दुसऱ्याने सांभाळावे. वैद्याने सांगितलेले घरात ऐकले जाते. या अधिकाराचा असाही उपयोग करावा.

व्यवहारातील सूचना

बालरुग्णाच्या केसपेपरवर मातेची झोप, पाणी आणि जेवणाची वेळ यासाठी एक ओळ राखावी. प्रवासास निघणाऱ्या कुटुंबास औषधाचे नाव, मुलाचे वय, मात्रा, अनुपान व धोक्याची लक्षणे मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. औषधालयांनी प्रवासाच्या पिशवीसाठी ओआरएस, तापमापक, मोरावळा, वाटी-चमचा व खोबरेल तेल सुचवावे. वत्सनाभादी विषद्रव्ये असलेले कल्प चिठ्ठीशिवाय लहान मुलासाठी देऊ नयेत. त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना कायद्यानेच छापलेली असते. तसेच १९९२ च्या व २००३ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार दुधाचे पर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांची जाहिरात करण्यास मनाई आहे, याचेही स्मरण असावे.

बागेत, बाजारात आणि आजोळी जाणारे मूल जग पाहते आणि त्याची आईही चार माणसांत मिसळते. तिला निर्धास्तपणे घराबाहेर पडता येईल इतका नेमका सल्ला देण्यास आपल्याला पाच मिनिटे लागतात. येत्या सुट्टीच्या हंगामात ती पाच मिनिटे प्रत्येक लेकुरवाळीसाठी राखून ठेवावीत, ही व्यवसायबंधुभगिनींना नम्र विनंती.