काळं ऑईल, निळा धूर

इंजिन ऑईलचा डबा उघडताना अनुभवी मिस्त्री दोन कामं न बोलता उरकतो. झाकणाखालचं कूपन खिशात घालतो आणि डबा रिकामा झाला की त्याच्या पोटात पेचकस खुपसतो. पहिलं गिऱ्हाइकाला दिसत नाही. दुसरं दिसतं, पण ते का केलं हे त्याला कळत नाही. यवतमाळला धामणगाव रोडवर नात्यातल्या एकांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. तिथे काउंटरच्या आतल्या बाजूला बसायला मिळालं म्हणून ही दोन्ही गुपितं मला कळली.

आधी कूपन. गाडीमालक ऑईल निवडत नाही, मिस्त्री निवडतो, हे कंपन्यांना केव्हाच उमगलेलं आहे. म्हणून बक्षीस थेट त्याच्यासाठी. कूपनं साठली की कधी रोख, कधी पान्यांचा संच, कधी घरी मिक्सर. "भाऊ, याच कंपनीचं टाका, इंजिन मस्त राहते," असं मिस्त्री छातीठोक सांगतो तेव्हा बोलणारा कधी त्याचा अनुभव असतो, कधी मिक्सर. मला यात फार मोठं पाप दिसत नाही. ग्रेड तोच आणि दर्जाचं अक्षर तेच असेल, तर दोन नामांकित कंपन्यांच्या डब्यांत जुन्या गाडीला फरक पडावा असं सहसा काही नसतं. पंचाईत होते ती कूपन एका ग्रेडवर आणि गाडीची गरज दुसऱ्या ग्रेडची असली तर.

पेचकसाचं कारण भंगारवाल्याकडे सापडतं. धडधाकट डबा आणि शाबूत झाकण असेल तर त्याला प्लास्टिकच्या वजनापेक्षा जास्त भाव मिळतो. कारण उघड आहे: गाळलेलं जळकं ऑईल त्यात भरून तोच डबा पुन्हा बाजारात येऊ शकतो. भोक पडलेल्या डब्याला ती किंमत नाही. तेव्हा जो मिस्त्री तुमच्यादेखत डब्याला भोक पाडतो, त्याचं कूपन त्याला खुशाल घेऊ द्या.

आता ग्रेडची गोष्ट. एका निवृत्त गुरुजींची मारुती 800 होती. तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं इंजिन, आयुष्यभर 20डब्ल्यू-40 वर चाललेलं. दिवाळीला पुण्याहून मुलगा आला आणि बाबांसाठी पूर्ण सिंथेटिक 5डब्ल्यू-30 चा महागडा डबा घेऊन आला. मिस्त्रीने एकदा सांगून पाहिलं, "साहेब, गाडी म्हातारी हाये. तिले भारी औषध पचत नाही." मुलाने मोबाइलवर काहीतरी दाखवलं, मिस्त्री गप्प बसला आणि ऑईल टाकलं. संक्रांतीपर्यंत गुरुजींच्या पोर्चमध्ये फरशीवर काळे ठिपके पडायला लागले.

ऑईल खोटं नव्हतं, उलट फारच चांगलं होतं. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ साचतो आणि झिजलेल्या, कडक झालेल्या सीलच्या फटी तोच गाळ बुजवून धरतो. नव्या ऑईलमधल्या डिटर्जंटने तो धुऊन काढला. त्यात ऑईल पातळ, त्याला वाट सापडली. सील आधीच गेलेलं होतं, नव्या ऑईलने ते फक्त उघडं पाडलं. मिस्त्रीने सील बदललं, पुन्हा 20डब्ल्यू-40 भरलं आणि मुलाबद्दल एक शब्दही काढला नाही. गुरुजींनीच फोन करून मुलाला काय ते सुनावलं.

मिस्त्रीच्या या हट्टाला शास्त्राचा आधार आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. 20डब्ल्यूची चाचणी उणे 15 अंशांवर होते, 5डब्ल्यूची उणे 30 वर. यवतमाळात पारा उणे होत नाही आणि मे महिन्यात तो 45 च्या पुढे जातो. तेव्हा उणे 30 चे पैसे कशासाठी मोजायचे? दुसरा आकडा 100 अंशांवरच्या दाटपणाचा, आणि जुन्या इंजिनाची सारी भिस्त त्याच्यावर. बेअरिंगच्या फटी रुंदावलेल्या असतात. ऑईल पातळ पडलं की दाब उतरतो आणि चौकात गाडी उभी असताना लाल दिवा लुकलुकायला लागतो. याचा अर्थ सगळ्यांनीच जाड ऑईल टाकावं असा मात्र नाही. नव्या गाडीच्या बारीक वाटांत 20डब्ल्यू-50 ओतलं तर सकाळी सुरू होताना तिचे हाल होतात. तिच्या पुस्तकात जे छापलंय तेच टाकावं.

अँबॅसडर किंवा पद्मिनी अजून कोणी सांभाळून असेल तर त्याच्यासाठी एक टीप. या इंजिनांत कॅमशाफ्ट थेट सपाट टॅपेटवर घासतो आणि त्या घर्षणात जस्त-फॉस्फरसचं रसायन धातूला वाचवतं. 2004 च्या एपीआय एसएम या दर्जापासून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर 0.08 टक्क्याची मर्यादा आली, 20डब्ल्यू-50 सारख्या जाड ग्रेडना ती लागू नाही. हे कोष्टक न वाचताही जुने मिस्त्री जाडच टाकत आले.

ऑईल बदलणं दिसायला सोपं. इंजिन कोमट करायचं, चेंबरचा नट सोडायचा, शेवटचा थेंब पडेपर्यंत घाई करायची नाही, नटाला तांब्याचं नवं वॉशर घालायचं. फसगत होते फिल्टरजवळ. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी ब्लॉकलाच चिकटून राहते. एका गॅरेजात नव्या पोऱ्याने ती पाहिलीच नाही आणि वर दुसरी रिंग असलेला नवा फिल्टर आवळला. गॅरेजात गाडी ठणठणीत, टाचणीएवढी गळती नाही. पुसदकडच्या घाटात चढावर दाब वाढला, वरची रिंग निसटली आणि काही मिनिटांत सगळं ऑईल रस्त्यावर. चालकाने दिवा पाहून लगेच चावी फिरवली म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासून त्या गॅरेजात नियम आहे: जुना फिल्टर आधी उस्तादाच्या हातात द्यायचा, त्याने रिंगवर बोट फिरवायचं, मगच नवा बसवायचा. तोही हाताने, पाना न लावता.

"कालच बदललं, आज काळं झालं!" ही तक्रार दुकानात नेमाने यायची, बहुतेक वेळा कमांडर जीपवाल्यांकडून. दारव्हा-आर्णीच्या रस्त्यांवर काळी-पिवळी चालवणाऱ्यांना वाटायचं, दुकानदाराने बनवलं. डिझेलची काजळी ऑईलने धरून ठेवली की ते काळं होणारच, ते त्याचं कामच आहे. घाबरायचं ते गेजवर दुधी रंग दिसला तर, म्हणजे पाणी शिरलंय. किंवा जळक्या ऑईलमध्ये बारीक चमचम दिसली तर, म्हणजे बेअरिंग झडायला लागलंय. कमांडरवाले तसेही ऑईल बदलत कमी, वाढवत जास्त. "अर्धा लिटर पिऊन राहिली ना भाऊ, मंग बदलायचं कायले?" या युक्तिवादावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

पिणारी गाडी विकायला निघाली की खरा खेळ सुरू होतो. मागून निघणारा निळा धूर लपवायला काही दलाल इंजिनात अतिजाड ऑईल किंवा बाटलीतलं घट्ट रसायन ओततात. खडखड थांबते, धूर विरळ होतो, सौदा होतो. म्हणून जाणकार मिस्त्री जुनी गाडी पाहायला भल्या सकाळी जातो आणि बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर ओळखावं, आपण यायच्या आत कोणीतरी ती सुरू करून ठेवली आहे. मग चालू इंजिनावर ऑईलचं झाकण उघडतो. भसाभस वाफारा वर आला तर "बॅक कॉम्प्रेशन मारते" एवढं म्हणून चपला घालतो. मागे मालक किमतीत हजारांनी खाली येत असतो, हा वळूनही पाहत नाही.

राहिलं जळकं ऑईल. 1 एप्रिल 2024 पासून ते पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी नियमाने उत्पादकांवर आली आहे, आणि ते मातीत किंवा नालीत ओतणं घातक आहे हे बहुतेक मिस्त्री जाणतात. पण गावाकडे त्याला आधीपासूनचे हक्कदार आहेत. पेरणी उरकली की वखर-तिफनीला गंज चढू नये म्हणून, बंडीच्या कण्याला, वाळवी लागलेल्या चौकटीला, सगळ्यांना तेच काळं ऑईल हवं असतं. भंगारवाला रोख मोजतो, शेतकरी मोजत नाही. तो तुरी निघाल्या की पायली-दोन पायल्या आणून टाकतो. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीकडे वर्षाची डाळ अशीच येते. त्याची बायको मात्र शेजारणींना सांगते, "कारंज्याहून आणली, बाई, लय महाग पडली."