वाटाण्याचा अंकुर आणि हळिवाचा किल्ला

वसुबारसेला सहा दिवस असताना आमच्या सोसायटीच्या मागच्या पडवीत मुलांनी राजगड उभा केला. विटांचे तुकडे, जुनी पोती आणि वर लाल मातीचा चिखल. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. चिखल ओला असतानाच भिजवलेलं हळीव उतारावर थापलं. जिन्याखालच्या मोडक्या टेबलावर मी माझा जुना फोन ट्रायपॉडला बसवला, चार्जर लावून ठेवला आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो निघेल अशी सोय केली. तासाला ६, दिवसाला १४४, पाच दिवसांत ७२० फोटो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी ते सगळे फोटो एका सेकंदाला २४ या वेगाने जोडले. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ झाला. सात-आठ मुलं फोनभोवती डोकी घालून बसली होती. आधी नुसती माती दिसली, मग मातीला पांढरी टोकं फुटली, आणि एकदम सगळा उतार हलायला लागला. हळिवाचा एकेक कोंभ मान फिरवत, चाचपडत वर येत होता. दिवसा तो अंगणाकडच्या उजेडाकडे झुकायचा आणि रात्री पडवीतल्या ट्यूबलाइटकडे वळायचा. "काकू, हे जिवंत आहे!" दहा वर्षांचा एक मुलगा म्हणाला. दरवर्षी हळीव पेरणारा तो मुलगा. ते उगवतं हे त्याला ठाऊक होतं, पण उगवताना त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

हौसेने व्हिडिओ करणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडतं, असं कोणी विचारलं की मला ही संध्याकाळ आठवते. रोजचीच गोष्ट पहिल्यांदा पाहायला मिळते आणि ती चार जणांना दाखवता येते.

फाळक्यांचा वाटाणा

या वाटेवर आपल्याकडचं पहिलं पाऊल ११० वर्षांहून जुनं आहे आणि ते एका मराठी माणसाचं आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र पाहून आले. तिथे मागणी नोंदवलेला विल्यमसन कॅमेरा मुंबईत पोचला. पूर्ण लांबीचा चित्रपट करायला भांडवल लागणार होतं आणि ते देणाऱ्यांना खात्री पटवायची होती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने थोडं थोडं चित्रण करत राहिले. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा चित्रपट. बी फुटतं, वेल वर चढतो, आणि हे सगळं जेमतेम मिनिटभरात. तो पाहून पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

हे सगळं घरच्या घरी चाललं होतं. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करायच्या. पुढे फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा चित्रपट केला. काड्या जरा सरकवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावर त्या काड्या आपल्या आपण नाचू लागत. आज ज्याला स्टॉप-मोशन म्हणतात ते हेच. वाटाणा आणि काडेपेटी, दोन्ही प्रत्येक घरात असणाऱ्या वस्तू. चित्रपटासाठी विषय लांब शोधायला जावा लागत नाही, हे फाळक्यांनी तेव्हाच दाखवून दिलं.

वाढणाऱ्या रोपाची हालचाल पकडण्याची ओढ कॅमेऱ्याहूनही जुनी आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस रोपाच्या शेंड्यासमोर काच धरून ठरावीक वेळाने तिच्यावर ठिपके देत आणि मग ते ठिपके रेघेने जोडत. त्यातून दिसलं की कोंभ सरळ वर जात नाही, गोल गोल डुलत जातो. १८८० साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. आमच्या पडवीत मुलांनी फोनवर जे पाहिलं, ते हेच डुलणं.

हौस जुनी, साधनं नवी

हौशी हा शब्द मराठीत मानाचा आहे. दिवसभर कचेरीत किंवा गिरणीत काम करून रात्री तालमीला उभी राहणारी माणसं आपल्याकडे गावोगावी होती आणि आहेत. राज्य नाट्यस्पर्धेच्या नावातच 'हौशी' आहे. त्या रंगमंचावरून पुढे किती मोठे नट आणि नाटककार आले हे वाचकांना सांगायला नको. पोटाचा उद्योग वेगळा असतो म्हणून काम कच्चं राहत नाही. उलट स्वतःच्या समाधानासाठी करत असल्यामुळे माणूस एक प्रवेश वीसदा बसवू शकतो.

सिनेमात मात्र हौसेला खर्च आडवा यायचा. १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची, १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची आणि १९६५ मध्ये सुपर एट ही घरगुती फिल्म आली, पण रीळ, धुलाई आणि प्रोजेक्टर हे सामान्य घराला झेपणारं नव्हतं. व्हिडिओ कॅसेटने ती भिंत थोडी खाली आणली. त्याच काळात मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले' केला. यंत्रमागांच्या त्या गावात सायकल आणि बैलगाडी हीच त्यांची ट्रॉली आणि क्रेन होती. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे ती धडपड जगभर पोचली.

मग २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या लांब सोंडांबद्दल बोलतो. एकूण १९ सेकंद. सजावट नाही, संगीत नाही. पाहिलेलं कोणाला तरी सांगावंसं वाटणं, एवढंच त्यात आहे. भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ही सोय गावागावात पोचली. आता कॅमेरा, एडिटिंगचं टेबल आणि थिएटर या तिन्ही गोष्टी एकाच खिशात असतात.

मावळा गड चढतो

हळीव वाढत असताना मुलांना किल्ल्यावर लढाई हवी होती. म्हणून आम्ही दुसरा व्हिडिओ स्टॉप-मोशनचा केला. तो कसा झाला ते नीट सांगते, कारण हे कोणालाही घरी करता येईल.

पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंतची वाट चार फुटांची, म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर. मातीचा मावळा दर फोटोला अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवायचा. असे २४० फोटो झाले आणि सेकंदाला १२ फोटो या हिशेबाने मावळा २० सेकंदांत गड चढला. मोठ्या स्टुडिओत सेकंदाला २४ चित्रं असतात, पण तिथेही पुष्कळदा एकच चित्र दोनदा वापरतात. त्यामुळे १२ हा आकडा हौशी माणसाला पुरेसा आहे.

पहिल्या दिवशीचे सगळे फोटो वाया गेले. मावळा बरोबर चालत होता, पण चित्र सारखं उजळत आणि मंदावत होतं. फोन आपण होऊन प्रत्येक फोटोचा उजेड ठरवतो. मुलांपैकी कोणी पांढरा शर्ट घालून जवळ आलं की तो हिशेब बदलतो. उपाय सोपा निघाला. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. खिडकीचं ऊन अडवायला चादर लावली आणि एकच दिवा ठेवला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनमध्ये शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो सेकंदाचा ५०वा किंवा १००वा भाग ठेवावा. रात्रंदिवस चालणाऱ्या हळिवाच्या चित्रणाला मात्र हे लागू नाही. तिथे उजेड खरोखरच बदलत असतो, म्हणून तो फोनलाच सांभाळू द्यावा.

दुसरा धडा ट्रायपॉडचा. किल्ल्यावर पाणी शिंपडताना कोणाचा तरी पाय लागला, ट्रायपॉड बोटभर सरकला आणि व्हिडिओत आख्खा राजगड उडी मारतो. तेव्हापासून ट्रायपॉडचे पाय फरशीला चिकटपट्टीने चिकटवतो आणि भोवती खडूने खुणा करतो. फोटो काढताना फोनला हात लावायचा नाही. इअरफोनचं आवाजाचं बटण बहुतेक फोनमध्ये शटरचं काम करतं.

सगळ्यात अवघड होतं ते माणसाचं चालणं. मुलांनी मावळा सारख्या अंतराने सरकवला आणि तो पट्ट्यावर ठेवलेल्या डब्यासारखा सरकत गेला. मग आम्ही जिन्यावर गेलो. एक मुलगी पायऱ्या चढली आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघितलं. निघताना ती हळू होती, मधे वेग आला, वळणावर थबकली, दर पावलाला अंग किंचित डावी-उजवीकडे गेलं. मग मावळा निघताना दोन-दोन मिलिमीटर, मधे सात-आठ आणि थांबताना पुन्हा दोन असा सरकला, दर पावलाला चिकणमातीच्या बारीक गोळीवर जरासा कलला. तेवढ्याने त्याच्यात जीव आला. त्या दिवशी मुलांनी बघितलेलं चालणं ती जन्मभर विसरणार नाहीत.

कानाला पटलं पाहिजे

नवशिके चित्राकडे फार लक्ष देतात आणि आवाज शेवटी कुठून तरी आणून चिकटवतात. चित्र थोडं धूसर असलं तरी माणसं बघतात, पण आवाज घुमत असेल तर लगेच पुढे जातात. बोलणं टिपायचं असेल तर फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि पंखा बंद करावा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर असलं की खोली घुमत नाही. बाकीचे आवाज घरातच असतात. परातीतल्या तांदळावर हात फिरवला की पाऊस पडतो, नारळाच्या दोन करवंट्या पाटावर आपटल्या की घोडा दौडतो. आमच्या गडावरची तोफ म्हणजे रिकामं पिंप आणि त्यावर मारलेली उशी.

गाण्याच्या बाबतीत मात्र जपून राहायला हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो प्रकाशनानंतर ६० वर्षांचा. 'दहा सेकंदच वापरलं' किंवा 'खाली नाव दिलं' एवढ्याने परवानगी मिळत नाही. जात्यावरची ओवी सगळ्यांची आहे, पण ती कोणी गाऊन रेकॉर्ड केली असेल तर ते रेकॉर्डिंग त्यांचं आहे. त्यापेक्षा आपल्याच आजीला ओवी म्हणायला सांगावं. हक्काचा प्रश्न येत नाही आणि आजीचा आवाज घरात राहतो.

कोणाला दाखवायचं?

व्हिडिओ तयार झाला की मन आकड्यांकडे धावतं. किती जणांनी पाहिला, किती अंगठे आले. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा असेल तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं, अशी अट २०१८ मध्ये आली. ज्याला तो व्यवसाय करायचा आहे त्याने जरूर करावा. ज्याला हौस करायची आहे त्याने मात्र पहिल्याच दिवशी ती शिडी लावू नये. आकड्यासाठी केलेल्या व्हिडिओत आपण प्रेक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसतो आणि समोरचं हळीव बघायचं राहून जातं.

व्हिडिओ चढवताना तीन पर्याय मिळतात. पब्लिक म्हणजे सगळ्यांसाठी, प्रायव्हेट म्हणजे निवडक माणसांसाठी आणि अनलिस्टेड म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्याच्यासाठी. मुलांचे चेहरे, शाळेचा गणवेश, दारावरची पाटी चित्रात असेल तर अनलिस्टेडही पुरेसं सुरक्षित नाही, कारण लिंक पुढे जाते. आम्ही पालकांना आधी विचारलं आणि किल्ल्याच्या व्हिडिओत फक्त मुलांचे हात ठेवले. चिखलाने भरलेले हात दिसले की कोणाचंही बालपण समोर येतं, नाव लागत नाही. शिवाय मूळ फोटो दोन ठिकाणी जपून ठेवले. आमचे ७२० फोटो दोन-एक जीबीत मावले. चढवलेला व्हिडिओ ही प्रत झाली, मूळ माल आपल्याच घरी राहिला पाहिजे.

आमचा राजगड त्या दिवाळीत १४३ वेळा पाहिला गेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक निरोप आला. आमच्याच इमारतीत वाढलेले, आता मुलाकडे परदेशी राहणारे एक आजोबा. त्यांनी लिहिलं होतं की उभ्या कड्यावरचं हळीव तिसऱ्या दिवशी घसरलेलं व्हिडिओत दिसतंय. त्यांच्या वेळी पोतं नुसतं वर टाकत नसत. आधी गोणपाट चिखलात बुडवून, पिळून कड्यावर ताणून बसवत आणि हळीव त्याच्या विणीत चोळत. भिजलेलं हळीव बुळबुळीत होतं, ते धाग्याला धरून राहतं.

आम्ही व्हिडिओ पुन्हा लावला. १७व्या सेकंदाला संजीवनीच्या कड्यावरून हिरवी पट्टी खरोखरच खाली सरकत होती. रोज किल्ल्यापाशी बसणाऱ्या आम्हा कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलांनी त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोणपाट ताणलं. ट्रायपॉडचे पाय चिकटवले, दर दहा मिनिटांनी फोटो घेतले. पाच दिवसांनी कडा वरपासून खालपर्यंत हिरवा होता आणि जागचा हलला नव्हता. मुलांनी त्या व्हिडिओचं पहिलं पान स्वतः लिहिलं, चिखलात काडीने अक्षरं कोरून, एकेक अक्षर एकेक फोटो. त्यावर किल्ल्याचं नाव होतं आणि खाली 'आजोबांच्या पद्धतीने'. लिंक सगळ्यात आधी त्यांनाच पाठवली.