आगमनकाळ (लेखांक ३) : कोठडीतून आलेला प्रश्न

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी कॅथलिक चर्चमधला रंग बदलतो. पहिले दोन रविवार धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, आज तो गुलाबी असू शकतो. हिरव्या चक्रावरच्या चार मेणबत्त्यांपैकी गुलाबी मेणबत्तीही आजच पेटते. नाताळ जवळ आला, आनंद करा, असा या दिवसाचा सूर. आणि वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात एका वर्षी नेमक्या याच दिवशी शुभवर्तमानात भेटतो तो तुरुंगात पडलेला माणूस.

तो बाप्तिस्मा देणारा योहान. गेल्या आठवड्यात आपण त्याला यार्देनकाठी पाहिले. उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा, प्रभूची वाट नीट करा म्हणून गर्जणारा. हेरोद अंतिपाने भावाची बायको घरात आणली, योहानाने ते चूक असल्याचे त्याला तोंडावर सांगितले आणि कोठडीत गेला. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस किल्ल्याचे नावही देतो: मॅकेरस. मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये त्याचे अवशेष आहेत. तुरुंगातून योहान आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवतो. ज्याची वाट पाहत होतो तो तूच ना, की अजून कुणाची वाट पाहायची?

सगळ्यांना तयारीला लावणाऱ्यालाच हा प्रश्न पडला. क्रिसोस्टोमसारख्या जुन्या भाष्यकारांना हे जड गेले. योहानाला स्वतःला शंका नव्हती, शिष्यांची खात्री पटावी म्हणून त्याने विचारले, असे त्यांनी मांडले. मला ते पटत नाही. अंधारात बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, आणि आशेच्या या काळात त्याला मुद्दाम जागा ठेवली आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

येशूचे उत्तरही सोपे नाही. तो हो म्हणत नाही. जे पाहता आणि ऐकता ते योहानाला सांगा, म्हणतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवार्ता कळते. हे शब्द यशयाच्या ग्रंथातून आलेले आहेत, योहानाला ते नक्की ओळखीचे असणार. पण यशयाने बंदिवानांच्या सुटकेचेही वचन दिले होते, आणि येशूच्या उत्तरात तेवढेच गाळलेले आहे. त्याच मिस्सेत थोड्या वेळापूर्वी १४६वे स्तोत्र गायलेले असते. परमेश्वर बंदिवानांना सोडवतो, असे त्यात म्हटले आहे. ते गाऊन झाल्यावर लोक ज्याची सुटका झाली नाही त्याची गोष्ट ऐकतात. पुढे योहानाचा शिरच्छेद झाला.

मग तयारी कशाची करायची? त्याच दिवशी याकोबाच्या पत्रातला शेतकरी समोर येतो. पॅलेस्टाइनमध्ये पावसाळा शरदात सुरू होतो. आगोटीच्या पावसाने कडक जमीन मऊ होते, नांगर चालतो, पेरणी होते. शेवटचा पाऊस वसंतात येतो आणि दाणा भरतो. दोन्ही पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाहीत. मधली मशागत मात्र त्याचीच. वसईच्या चर्चमध्ये हे वाचन मराठीत होते, तेव्हा वाडीत राबलेल्या माणसांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नसेल.

हे सगळे अक्षरशः जगलेला एक माणूस विसाव्या शतकात होऊन गेला. आल्फ्रेड डेल्प हा जर्मन जेझुइट धर्मगुरू. हिटलरनंतरचा जर्मनी कसा असावा याचा विचार करणाऱ्या क्रायसाऊ गटात तो होता. जुलै १९४४ मध्ये त्याला अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातात बेड्या असताना, त्याने आगमनकाळावर चिंतने लिहिली. धुण्याच्या कपड्यांतून ते कागद बाहेर पोहोचले. ८ डिसेंबरला त्याच तुरुंगात त्याने आपल्या संघाची अखेरची व्रते घेतली. आगमनकाळ म्हणजे माणूस मुळापासून हादरून जागा होण्याचा काळ, असे त्याने त्या कागदांत मांडले. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याला फाशी झाली. सुटकेची आशा त्याने सोडली नव्हती. पण सुटकेवर अवलंबून राहणारी आशाही त्याने बाळगली नाही.

पुढच्या रविवारी शुभवर्तमान योसेफाकडे वळते. त्याने मनाशी ठरवलेला बेत एका रात्रीत मोडतो. त्याच्या तयारीविषयी पुढच्या लेखांकात.