औषध चालू, झोप बंद?

सबमिशनच्या आदल्या रात्री झोप न मिळणं आपल्याला काही नवीन नाही. पण रोज वेळेवर गोळी घेणाऱ्याची झोप त्या गोळीमुळेच उडाली तर? एच.आय.व्ही.ची औषधं घेणाऱ्या काही जणांचं असं होतं. रात्री टक्क जाग, विचित्र स्वप्नं, दिवसभर चिडचिड. हॉस्टेलमध्ये हा विषय कोणी काढत नाही, म्हणून इथे काढतोय.

‘आपला काय संबंध?’ असं वाटेल. संबंध आहे. ही औषधं सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. पुण्यात ससूनच्या ए.आर.टी. केंद्रात ती मिळतात. तेव्हाची जन्मतः लागण झालेली मुलं या औषधांवर वाढली आणि आता कॉलेजच्या वयाची झाली आहेत. त्यांच्यापैकी एखादा आपल्याच मजल्यावर असेल, तर ते आपल्याला कळणारही नाही. कळायची गरजही नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. बरीच वर्षं पहिल्या उपचारात एफाविरेन्झ नावाचं औषध असायचं, रोज ६०० मिलिग्रॅम. ते मेंदूपर्यंत पोचतं. त्यामुळे भोवळ, झोपमोड, अगदी खरी वाटणारी स्वप्नं, उदासी असे त्रास व्हायचे. बहुतेकांना ते पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होत आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत. काहींच्या शरीरात हे औषध आनुवंशिक कारणामुळे सावकाश निचरतं, त्यांना त्रास जास्त. तेव्हा ‘हा मनाने कमकुवत आहे’ वगैरे काही नसतं, यकृतातल्या एका एन्झाइमचा वेग कमी असतो, इतकंच.

२०२०-२१ च्या सुमारास आपल्याकडे पहिल्या उपचारात एफाविरेन्झच्या जागी डोलुटेग्राव्हिर आलं. रोज एकच गोळी, त्यात टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोलुटेग्राव्हिर. हे बहुतेकांना चांगलं सोसतं. तरी काहींना यानेही झोप लागत नाही, डोकं दुखतं, क्वचित मन खिन्न होतं.

इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. डोलुटेग्राव्हिरची हाफ-लाइफ साधारण १४ तास. सकाळी आठला गोळी घेतली, तर रात्री दहापर्यंत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. झोप उडत असेल तर गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला डॉक्टर सांगतात ते यासाठीच. एफाविरेन्झचं नेमकं उलट होतं. ती गोळी झोपताना, उपाशीपोटी घ्यायची. म्हणजे भोवळ झोपेत निघून जाते. तेलकट जेवणावर घेतली तर औषध जास्त शोषलं जातं आणि त्रास वाढतो. रविवारच्या फीस्टनंतर लगेच घेतली, तर रात्र खराब गेलीच म्हणून समजा.

सगळ्यात मोठा धोका स्वप्नांचा नाही. ‘आज परीक्षा आहे, गोळी नको’ या विचाराचा आहे. एफाविरेन्झची हाफ-लाइफ दोन दिवसांच्या आसपास. गोळ्या अचानक बंद केल्या की सोबतची औषधं आधी संपतात आणि हे एकटंच रक्तात रेंगाळतं. एकट्या औषधाला चकवायला विषाणूला एक बदल पुरतो. मग ते औषध त्या माणसावर कायमचं निकामी होऊ शकतं. डोलुटेग्राव्हिर या बाबतीत बरंच दणकट आहे, पण अभय त्यालाही नाही. म्हणून गोळी बंद करायची नाही, वेळ मनाने बदलायची नाही. डॉक्टरांना सांगायचं. वेळ बदलता येते, गरज पडली तर औषधही बदलता येतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत चार गोष्टी लिहा : गोळी किती वाजता घेतली, झोप कधी लागली, कितीदा जाग आली, दिवसभर मन कसं होतं. ‘झोप येत नाही हो’ यापेक्षा हे रीडिंग डॉक्टरांना जास्त उपयोगी. संध्याकाळनंतर अमृततुल्यची फेरी टाळा. दारू आणि स्वतःच्या मनाने आणलेल्या झोपेच्या गोळ्या, दोन्ही नकोत. भोवळ येत असेल तर गाडी चालवू नका. डोलुटेग्राव्हिर घेणाऱ्यांनी ॲसिडिटीची औषधं आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या यांबद्दल आधी विचारून घ्यावं. त्यातले धातू औषधाला बांधून ठेवतात आणि ते नीट शोषलं जात नाही.

आणि उदासी? ती कधी औषधाची असते, कधी निदानाच्या धक्क्याची, कधी एकटेपणाची. घरबसल्या ओळखता येत नाही. ए.आर.टी. केंद्रात समुपदेशक असतात, त्यांना सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस १४४१६ वर दिवसरात्र बोलता येतं. एच.आय.व्ही.बद्दल काही विचारायचं असेल तर १०९७.

आता रूममेट आणि रेक्टर सरांसाठी दोन शब्द. एका ताटात जेवल्याने, एका बाथरूमने लागण होत नाही. उपचाराने विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातूनही तो पसरत नाही. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार शिक्षणात किंवा राहण्याच्या जागेत भेदभाव करता येत नाही, आणि कुणाची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. तेव्हा कुणाच्या कपाटातली डबी उघडून गोळ्यांची नावं वाचू नका. रेक्टर सरांनीही खोली बदलून मागणाऱ्याला किंवा वरचेवर ससूनला जायला रजा मागणाऱ्याला खोदून विचारू नये.

बाकी मदत साधीच आहे. अकरानंतर स्पीकर बंद, दिवा टेबललॅम्पपुरता. कोणी रात्री दचकून उठला तर ‘काय रे, वेड लागलं का?’ म्हणण्याऐवजी पाण्याची बाटली पुढे करा. कारण काहीही असो, झोप सगळ्यांनाच लागते. ती शेजाऱ्याला मिळू देणं आपल्या हातात आहे.